साउंड सर्व्हरला कुलूप

नोकरीत असताना मला माझ्यामागे सगळे कुलूपबाई म्हणायचे. म्हणजे मागे म्हणतात असं मी समजत होते. निरोपसमारंभात साहेबांनी भाषणातच तो शब्द वापरला आणि सगळं सभागृह हसलं, तेव्हा कळलं की माझ्या तोंडावरही म्हणत असणार, मीच लक्ष दिलं नव्हतं.

आमची रेडिओची कंट्रोल रूम होती. टेपांची कपाटं माझ्या ताब्यात, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. कुणाला साधी रिकामी टेप हवी असली तरी आधी माझ्यासमोर उभं राहून कशाला हवी ते सांगावं लागे. पुढे टेपा गेल्या, कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या बायकांनी कॉम्प्युटर पाहून हात टेकले, पण मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. ज्या यंत्रात घुसायलाच आधी पासवर्ड लागतो, ते माझ्याच स्वभावाचं असणार हे उघड होतं.

निवृत्तीनंतर मी घरी बसले असते तर घरच्यांचं काय झालं असतं देव जाणे. घरचे म्हणजे तशी एकटी वहिनीच. माझा थोरला भाऊ गेला आणि आम्ही दोघी एका घरात उरलो. भाऊ गेल्यावर वहिनी बोलेनाशी झाली. सकाळी खिडकीत बसायची ती दिवे लागेपर्यंत तिथेच. मी तिला डॉक्टरकडे नेलं, बागेत नेलं, नातेवाइकांकडे नेलं. प्रत्येक ठिकाणाहून ती तशीच परत यायची, आणि मी मात्र थकून.

शेवटी मी तिला आमच्या खोलीवर नेलं. आमची खोली म्हणजे दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या वाचनालयाची शाखा. मागच्या गल्लीत, शिंप्याच्या आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या मध्ये, तळमजल्यावर. मधे जाड काच. अलीकडे कॉम्प्युटर, हेडफोन आणि मी. पलीकडे माइक, टेबल आणि वाचणारा. त्या दिवशी वाचणारा आला नव्हता. मी वहिनीला म्हटलं, "जरा एक पान वाच, मला माइक तपासायचाय." तिने एक पान वाचलं, मग दुसरं वाचलं, मग तो अख्खा भाग वाचून काढला. परत येताना रस्त्यात म्हणाली, "वन्सं, त्या बोटीवरच्या कप्तानाचं पुढे काय होतं हो?" कितीतरी महिन्यांनी तिने मला प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस ती तिथे वाचते आणि त्या तीन दिवसांच्या जोरावर बाकीचे चार ढकलते. त्या कप्तानाच्या गोष्टीचे इतके खंड आहेत की ती अजून त्याच्यातच आहे. आता तिचे गुडघे गेलेत. खोलीपर्यंत काठी टेकत कशीबशी येते. बसची पायरी चढणं तिच्याच्याने होत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मुख्य कार्यालयाचा हुकूम आला. दुसऱ्या कुठल्याशा संस्थेत कुणीतरी बाहेरून कॉम्प्युटरमध्ये शिरला होता आणि तिथला माइक गुपचूप चालू ठेवून खोलीतलं बोलणं ऐकत बसला होता. तर आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवरचा साउंड सर्व्हर सक्तीच्या परवानग्यांखाली आणावा. तपासनीस येऊन पाहतील. जी खोली पास होणार नाही ती बंद होईल आणि तिथल्या वाचकांनी मुख्य इमारतीत यावं. मुख्य इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून.

वहिनीने हुकूम वाचून घडी घातली आणि म्हणाली, "चला, म्हणजे माझी खिडकी परत मिळाली मला."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं. "पंधरा दिवसांत करून दाखवते. कुलूप घालायचंय ना? माझ्याहून बरं कोण घालणार!"

आता साउंड सर्व्हर म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधला आवाजाचा मुकादम. ज्या ज्या प्रोग्रामला आवाज काढायचाय किंवा ऐकायचाय, त्याने या मुकादमाकडे जायचं. स्पीकर त्याच्या ताब्यात, माइकही त्याच्याच ताब्यात. आणि सक्तीच्या परवानग्या म्हणजे काय, तर एरवी वस्तू ज्याची, परवानगीही त्याची. माझी फाइल, मी म्हणेन तो उघडेल. सक्तीच्या व्यवस्थेत मालकालाही कुणी विचारत नाही. सगळ्यांच्या वर एक नियमावली असते. तिच्यात लिहिलंय तेवढंच करायचं, लिहिलेलं नाही ते सगळं मना.

मी हे वहिनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपलं घरच की."

"आपल्या घरात काय आहे?"

"काही नाही. चष्मा कुठल्या खणात ठेवायचा तेसुद्धा तुम्ही चिठ्ठी चिकटवून लिहिलंय, एवढंच."

मी दुर्लक्ष केलं आणि कामाला लागले. अशी नियमावली कुणी डोक्याने लिहीत नाही. त्याची एक पद्धत असते. आधी मुकादमाला काही दिवस मोकळं सोडायचं. अडवायचं नाही, पण त्याने नियमाबाहेर काय काय केलं त्याची कॉम्प्युटरला नोंद ठेवायला लावायची. मग एकेक नोंद वाचायची आणि ठरवायचं, हे त्याच्या कामाचं आहे का? असेल तर नियम लिहायचा. नसेल तर नाही. म्हणजे थोडक्यात, दाराआडून कुणावर तरी पाळत ठेवायची आणि वर त्याला शिस्त म्हणायचं. मला हे काम किती आवडलं असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

पहिल्या आठवड्यातच एक गंमत सापडली. मुकादम माइकशी बोलत होता, ठीक. स्पीकरशी बोलत होता, तेही ठीक. पण मी चहा आणायला कोपऱ्यावर गेले की तो एका बिनतारी स्पीकरशी बोलायचा. आमच्याकडे बिनतारी स्पीकर नव्हता. म्हटलं शिरला, शिरला तो चोर!

"वहिनी, मी नसताना इथे कुणी येतं का?"

"कोण येणार?"

"काल चहाच्या वेळी आवाज बाहेर कुठेतरी गेलाय."

वहिनी पुस्तकात बोट घालून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "शेजारच्या शिंप्याकडे गेलाय. त्याच्या दुकानात तसला स्पीकर आहे. त्याला पुढचा भाग ऐकायचा असतो. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तीन कारणं लिहून मागितली असती."

बिनतारी स्पीकरचा नियम मी लिहिला नाही. शिंप्याचा कप्तान त्यामुळे भर समुद्रात राहिला आणि माझ्या ब्लाउजची बाही पुढे बरेच दिवस अर्धवट.

पंधरा दिवस झाले. नियमावली झाली. मुकादमावर कडक अंमल सुरू केला. वहिनीने वाचलं, आवाज नीट रेकॉर्ड झाला, नीट ऐकू आला. मी खुर्चीत मागे रेलून स्वतःलाच म्हटलं, या वयात हे करणारी दुसरी बाई दाखवा. दाखवायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून मीच जिंकले.

तपासनीस बाई आल्या त्या माझ्या नातवंडांच्या वयाच्या. मला नातवंडं नाहीत, पण असती तर याच वयाची आणि अशीच पाठीवर बॅग टाकून आली असती. मला म्हणाल्या "मॅडम" आणि वहिनीला म्हणाल्या "काकू". पाच मिनिटांत काकूंनी त्यांना लिमलेटची गोळी दिली. मॅडमकडे काहीच नव्हतं. किल्ल्या होत्या.

त्यांनी नियमावली ओळ न ओळ वाचली. "छान आहे," म्हणाल्या. "एकही फालतू परवानगी नाही. बऱ्याच ठिकाणी लोक कंटाळून सगळंच मोकळं सोडतात."

"आमच्याकडे तसलं चालत नाही," मी म्हटलं. पलीकडून काचेतून वहिनीने भुवया उंचावल्या.

"आता एकदा कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

"बंद कशाला? चांगला चाललाय की."

"करा तर."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी कामाला लागले तेव्हा व्हॉल्व्हची यंत्रं होती. ती तापायला वेळ घ्यायची, आणि थंड झाली की आवाज हलायचा. म्हणून आमच्या कंट्रोल रूममध्ये यंत्र कधीच बंद होत नसे. सुटीच्या दिवशी बटण बंद केलं म्हणून मोठ्या साहेबांनी एका शिपायाला तिघांसमोर फैलावर घेतलेलं मी पाहिलंय. व्हॉल्व्ह जाऊन जमाना झाला, माझा हात मात्र तसाच राहिला. घरी मी रेडिओही बंद करत नाही, आवाज बारीक करते. खोलीतला कॉम्प्युटर तर मी कधीच बंद केलेला नव्हता. पंधरा दिवस मी त्या मुकादमावर पाळत ठेवली, तो काम करताना. तो झोपेतून उठतो कसा, उठल्या उठल्या त्याला काय काय लागतं, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं मला कळलं ते कॉम्प्युटर परत चालू झाल्यावर. पडदा उजळला. वहिनीने काचेपलीकडून वाक्य वाचलं. मी हेडफोन लावून वाट पाहिली. शांतता. वहिनीचे ओठ हलत होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी हेडफोनची वायर हलवून पाहिली. पन्नास वर्षांच्या अनुभवातून माणूस शेवटी वायर हलवायलाच शिकतो.

तपासनीस बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "साउंड सर्व्हर उठलाच नाही, मॅडम."

"थोडंसं सैल करून बघू का?" मी अगदी हळू विचारलं. मी! माझ्या तोंडून हे निघालं. एक आज्ञा लिहिली की सगळी सक्ती बाजूला होते आणि सगळं मुकाट चालू लागतं.

"तसं करायचं असतं तर मी इथवर कशाला आले असते? कार्यालय बंद व्हायच्या आत मला निकाल कळवायचाय. तोवर वेळ आहे. बसा तुम्ही."

वहिनी माइकजवळून उठून दारात आली. "काय झालं?"

"काही नाही, बारीकसं काहीतरी," मी म्हटलं.

"वन्सं, तुमचा चेहरा पांढरा झालाय."

मग मी बसले. नोंदी उघडल्या. मुकादमाला उठल्याबरोबर स्वतःपुरतं एक छोटं फोल्डर करायचं होतं. त्याला ती परवानगी नव्हती, म्हणून तो पहिल्याच पावलाला आडवा झाला होता. मी नियम लिहिला, परत चालू केला. फोल्डर झालं. आता त्याला त्यात एक फाइल ठेवायची होती, म्हणजे दुसरा मुकादम उठून बसू नये. नियम लिहिला, परत चालू केला. आता त्याला एक खिडकी उघडायची होती, जिथे येऊन बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे आवाज देतील. खिडकीलाही परवानगी नव्हती! दर वेळी तो एक पाऊल पुढे टाकायचा आणि माझ्याच नियमावर आपटायचा. नव्या घरात आलेल्या माणसाला पाण्याचा पेला घेऊ का, तो कुठे ठेवू, दार लोटू का, असं एकेक विचारायला लावावं, तसं मी त्याला करत होते. आणि दर वेळी वहिनी पलीकडून तेच वाक्य वाचत होती: "कप्तानाने दुर्बीण खाली ठेवली." शेवटी शेवटी ती ते अशा आवाजात वाचू लागली की कप्तानाने दुर्बीण कुणाच्या तरी डोक्यात घातली असावी.

आणि मग हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. मी टाळी वाजवली. नोंदी पाहिल्या. एकही नकार नाही, कोरी करकरीत पाटी.

"झालं!" मी तपासनीस बाईंना म्हटलं. "ऐका. स्वच्छ आवाज आहे."

त्यांनी हेडफोन लावले. वहिनीने वाचलं. रेकॉर्ड झालेलं त्यांनी परत एकदा ऐकलं, मग वहिनीला बोलावून तिच्या कानाला हेडफोन दिले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे पाहणं मला अजिबात आवडलं नाही.

"काय?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, टकटक होतंय. मधे मधे शब्द तुटतोय."

"कुठे तुटतोय? मी आत्ता ऐकला."

"दुर्बीण म्हणते तिथे बघा. दुर् आणि बीणच्या मधे टक्."

मी परत ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. कंट्रोल रूममध्ये टेपेवरचा केसाएवढा ओरखडा मी दोन खोल्या पलीकडून ओळखायचे. आता मला वहिनीची सबंध दुर्बीण ऐकू येत होती, कुठेही तडा नसलेली.

"नोंदीत काही नाही," मी हट्टाने म्हटलं.

"नोंदीत नसेल. कानात आहे," वहिनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "गेल्या वर्षापासून तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत. मीच आपलं वाचताना लक्ष ठेवते, काही झालं की ते वाक्य परत वाचते. तुम्हाला वाटतं मी अडखळते."

मला ते खरंच वाटायचं. वर्षभर मी तिला मोठ्या मनाने माफ करत आले होते.

मग मी विचार केला. मुकादम उठलाय पण अडखळतोय, आणि नोंद नाही. काही नकार इतके रोजचे असतात की नियमावलीच सांगते, हे लिहूनही ठेवू नका, नाहीतर नोंदींचा ढीग होईल. मी ती मुकी ठेवलेली यादी उघडायला लावली आणि परत चालू केलं. होता, तिथेच होता. मुकादमाला बाकीच्या कामांच्या पुढे जाण्याची मुभा हवी होती. आवाज थांबू शकत नाही ना, बाकीची कामं क्षणभर थांबली तर चालतात. ती मुभा नाकारली गेली होती आणि बिचाऱ्याने तक्रार न करता जमेल तसं काम चालवलं होतं, मधे मधे तुटत.

"ही परवानगी मोठी आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "ती मिळाली की तो सगळ्यांच्या पुढे जाऊ शकतो. कारण दाखवल्याशिवाय मी मान्य करू शकत नाही. आधी आणि नंतर, दोन्ही ऐकून फरक कळायला हवा."

वहिनी घसा खाकरत म्हणाली, "माझा आवाज बसला. दुर्बीण खाली ठेवून ठेवून हात दुखले कप्तानाचे. तुम्ही जा आत."

"मी?"

"मग कोण? इथे ऐकायला कान लागतात, ते माझ्याकडे आहेत. तिथे वाचायला डोळे लागतात, तेवढे तुमच्याकडे असतील ना?"

मी तपासनीस बाईंकडे आशेने पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी चाचणीत भाग घेऊ शकत नाही, मॅडम. नियम आहे."

नियमाचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार!

सगळं आयुष्य मी काचेच्या अलीकडे काढलं. पलीकडच्या माणसांना मी खुणा केल्या, थांबा, जवळ या, कागद वाजवू नका. आता पहिल्यांदाच पलीकडे बसले. वहिनी माझ्या खुर्चीत, माझे हेडफोन लावून, माझ्यासारखीच भुवई ताणून बसली होती. तिने बोट वर केलं आणि खाली आणलं. मी वाचायला लागले.

"थांबा," स्पीकरमधून तिचा आवाज आला. "माइक खाऊ नका."

मी मागे सरले.

"फार मागे गेलात. आणि कागद वाजवू नका."

मी पुढचं एक पान उघडलं होतं, ते घरमालकिणीचं निघालं. कप्तान बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि घरमालकीण दारातच त्याला झापते, बूट कुठे ठेवायचे, किल्ली कुठे टांगायची, रात्री किती वाजता दिवा मालवायचा. मी वाचत गेले. एकदा मुभा नसताना, मग तपासनीस बाईंनी मी लिहून ठेवलेला नियम लावला आणि मुभा असताना. दुसऱ्या वेळी मला कप्तानाचा खराच राग यायला लागला होता. माणसाने बूट आडवे टाकावेत म्हणजे काय!

काचेतून मला वहिनी दिसत होती. पहिल्या वेळी ती बोटाने टेबलावर टक्, टक् असं मोजत होती. दुसऱ्या वेळी बोट उचललेलंच राहिलं. पान संपलं तरी ते टेबलावर आलं नाही.

"नाही," तिने तपासनीस बाईंना सांगितलं. "आता एकदाही नाही."

बाईंनी दोन्ही स्वतः ऐकली, मग नियमापुढे कारण लिहायला मला बोलावलं. मी लिहिलं, वाचणाऱ्याचा शब्द तुटू नये म्हणून. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि मग शेवटचं म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला. बटणावर माझं बोट क्षणभर घुटमळलं. वहिनीने सरळ हात पुढे केला आणि दाबून टाकलं. पडदा काळा झाला, उजळला, मुकादम उठला, एकदाही न अडखळता.

"पास," बाई म्हणाल्या, "खोली इथेच राहील. मी कळवते आत्ताच." बॅग पाठीला लावता लावता त्यांनी वहिनीकडून आणखी एक गोळी घेतली.

त्या गेल्यावर वहिनीने आवरायला घेतलं. पुस्तकात खूण घातली, काठी घेतली, आणि दारात पोहोचल्यावर म्हणाली, "परवा मला लवकर यायचंय. दुर्बिणीपुढचं सगळं बाकी आहे."

आता ती अलीकडे बसून आधी मी लावलेला आवाज तपासते आणि मग पलीकडे जाऊन वाचते. मी कुरकुर करते, पण हेडफोन तिच्या पुढ्यात ठेवते.

घरमालकिणीचं पान मात्र राहून गेलं. मी तीनदा म्हटलं, वहिनी, ते माझं चाचणीचं पान काढून तुझ्या आवाजात घे. तिने घेतलं नाही. तो भाग तसाच ऐकणाऱ्यांकडे गेला. गेल्या आठवड्यात एका ऐकणाऱ्याचा फोन आला. मी उचलला. म्हणाला, पुस्तक फार छान वाचलंय, पण ती भांडखोर घरमालकीण कुठून शोधून आणलीत हो? अगदी अस्सल आहे. तिचं आणखी काही रेकॉर्ड केलेलं आहे का?

मी म्हटलं, चौकशी करून सांगते.